चुन्यानेच काढला चुना

घरातला गीझर दुरुस्तीला काढला, तर त्याच्या जोडनळीचा बदललेला तुकडा टाकून देऊ नका; वर्गात घेऊन जा. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत अशा नळीच्या आत पांढरा, दगडासारखा थर बसलेला दिसतो. कधी कधी तर पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असते. आमच्या लहानपणी तांब्याच्या बंबातून हीच खपली निघत असे. पेल्यातले पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसते; मग हा दगड येतो कोठून? आणि मीठ, साखर गरम पाण्यात अधिक विरघळत असताना हा पदार्थ नेमका तापवल्यावरच बाहेर का पडतो?

याचे उत्तर लंडनच्या रॅथबोन प्लेस येथील झऱ्याच्या पाण्यात सापडले. ते उकळले की गढूळ होई आणि तळाशी चुनखडी बसे. चुनखडीत एक वायू बांधलेला असतो, हे जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये दाखवून दिले होते. आज आपण त्याला कार्बन डायॉक्साइड म्हणतो. हेन्री कॅव्हेंडिश यांनी रॅथबोन प्लेसचे पाणी उकळून त्यातून निघणारा हा वायू मोजला आणि १७६७ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: जास्तीचा वायू असेल तोवर चुनखडी पाण्यात विरघळून राहते, उकळल्यावर तो निघून जातो आणि चुनखडी उघडी पडते. आजच्या भाषेत, विद्राव्य बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट होते. दुष्फेन पाण्याचा ‘तात्पुरता’ दुष्फेनपणा तो हाच.

हे वर्गात सहज दाखवता येते. चुन्याच्या निवळीत साधा सोडावॉटर थेंबथेंब घाला. ती दुधाळ होईल. आणखी सोडा घालत राहा. द्रावण पुन्हा स्वच्छ होईल. आता त्याचे दोन भाग करा. एक तापवा, तो दुधाळ होईल. हा आपला गीझर! दुसऱ्यात पुन्हा भरपूर निवळी घाला. तोही दुधाळ होईल.

हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. घातलेला चुना जास्तीचा वायू पकडतो. त्यामुळे त्याची स्वतःची चुनखडी होतेच, शिवाय पाण्यात आधीपासून असलेलीही खाली बसते. पाण्यातला चुना काढायला चुनाच घालायचा! काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार. अॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये नेमक्या याच युक्तीचे पेटंट घेतले. किती चुना घालायचा हे ठरवण्यासाठी पाणी किती दुष्फेन आहे, हे कळायला हवे. त्यासाठी त्यांनी साबणाच्या ठरावीक द्रावणाची कसोटी वापरात आणली. बाटली हलवल्यावर टिकाऊ फेस येण्यास जितके द्रावण लागेल, तितका दुष्फेनपणा अधिक.

या युक्तीचा हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. १०० ग्रॅम विरघळलेली चुनखडी सुमारे ६०० ग्रॅम साबणाचा साका करून वाया घालवते. तीच चुनखडी काढायला अवघा ५६ ग्रॅम कळीचा चुना पुरतो. मग ही पद्धत लगेच सगळीकडे का पसरली नाही?

१८५१ मध्ये ग्रॅहम, मिलर व हॉफमन या तीन नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या सरकारी समितीने या पद्धतीबाबत अनुकूल अभिप्राय दिला. १८५० च्या दशकात लंडनजवळच्या प्लमस्टेड येथे ती प्रत्यक्षात आलीही. लंडनच्या मोठ्या पाणी कंपन्यांनी मात्र ती सरसकट स्वीकारली नाही. याची एक बाजू आपल्या समीकरणातच दिसते. १०० ग्रॅम चुनखडी काढताना २०० ग्रॅम गाळ तयार होतो. तो बसू देण्यासाठी मोठे हौद हवेत, जागा हवी आणि उपसण्याची सोय हवी. दुसरी बाजू रसायनशास्त्राबाहेरची आहे. चुना, हौद व मजुरी यांचा खर्च पाणी पुरवणाऱ्याचा; वाचणारा साबण मात्र गृहिणीचा. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला लाभ मिळत नसेल, तर बिनचूक विज्ञानही अडून राहते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. कॅल्शियम सल्फेटसारख्या क्षारांमुळे येणारा ‘कायम’ दुष्फेनपणा नुसत्या चुन्याने जात नाही. त्यासाठी धुण्याचा सोडा लागतो. पुढे विसाव्या शतकात आयन-विनिमयाची साधने आली आणि पाणी सुफेन करणे घरच्या घरी शक्य झाले. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत मात्र चुन्याची पद्धत आजही वापरात आहे.

वर्गात आणलेल्या नळीतली थोडी खपली शेवटी काढून घ्या आणि तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. बुडबुडे येतील. कॅव्हेंडिश यांनी मोजलेला वायू तो हाच, हे विद्यार्थ्यांना निवळीच्या साहाय्याने स्वतःच ताडून पाहू द्या.