मतदान यंत्रातील मेमरीची तपासणी : तळटीप

१४. संदर्भ सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या दिल्लीतील निकालाचा. न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, निवडणुकीच्या निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी केल्यास, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांचे मायक्रोकंट्रोलर तपासून घेण्याची मुभा दिली. तपासणारे अभियंते उत्पादक कंपन्यांचेच. निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार यंत्राचा प्रोग्रॅम चिपमध्ये एकदाच लिहिला जातो; मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमध्ये मात्र चिन्हांसाठी फ्लॅश मेमरी असते आणि ती निवडणुकीपूर्वी भरावी लागते. फ्लॅशमध्ये नवे लिहायचे तर सहसा आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणजे जुना पुरावाही जातो. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आयोगाला तपासणीत डेटा पुसू नका, नवा भरू नका असे बजावले, ते फार मोलाचे.

मेमरीतील मजकूर बदलला आहे का, हे पाहण्याचा एक मार्ग म्हणजे चेकसम. साधा चेकसम म्हणजे सगळ्या बाइटची बेरीज. एक बाइट ५ ने वाढला आणि दुसरा ५ ने घटला, तरी बेरीज तीच. अपघाती बिघाड त्याने बहुधा सापडतो, मुद्दाम केलेला फेरफार सापडेलच असे नाही. त्यासाठी एसएचए-२५६ सारखा हॅश हवा. तोही संशयित प्रोग्रॅमने स्वतःच मोजून सांगितला तर पुरावा म्हणून निरुपयोगी, कारण खोटा प्रोग्रॅम अपेक्षित आकडा पाठ करून ठेवू शकतो. मेमरी डीबग पोर्टमधून, बाहेरच्या उपकरणाने वाचायला हवी. सुरक्षेसाठी ते पोर्ट बंद केलेले असेल, तर ही वाटही उरत नाही.