ओल्या रल्लीचा उन्हाळा

पत्ता सांगताना 'जरीपटका, नागपूर' म्हटलं की पुण्याकडची माणसं क्षणभर थबकतात. त्यांना वाटतं, इथं एखादा बुरूज असेल, निदान भोसल्यांच्या फौजेची काही खूण तरी असेल. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं भगवं निशाण. शाळेत आपण शिकलो की १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत, म्हणजे सिंधू नदीपर्यंत गेल्या. पण प्रत्यक्षात जरीपटक्याच्या चौकात उतरलात तर दिसतील कापडाची, मिठाईची, पापडाची दुकानं आणि त्यांवरच्या सिंधी आडनावांच्या पाट्या. सिंधूच्या खालच्या काठावरची माणसं फाळणीनंतर इथं येऊन राहिली, ती या निशाणाच्या नावाच्या वस्तीत. इतिहासाला अशा गमती सुचतात.

आज मला निशाणाबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते दुसऱ्या एका कापडाबद्दल, आणि उन्हाळ्यात बंद दाराआड होणाऱ्या हातकामाबद्दल.

नागपूरचा उन्हाळा कसा असतो ते नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी इथं ४७.९ अंशांची नोंद झाली. नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला, की बाराच्या पुढं रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण या उन्हाळ्यात एक चांगली गोष्ट आहे. तो कोरडा असतो. मे महिन्याच्या दुपारी हवेत दमटपणा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली असतो, त्यामुळे ओल्या वस्तूतून वारा गेला की पाणी झरझर उडतं आणि उडताना वाऱ्यातली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या पाहुण्याला हे पटवावं लागतं. त्याच्या घरी कूलर म्हणजे नुसता चिकचिकाट.

ही युक्ती जुनी आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलनं वाळ्याच्या मुळांपासून केलेल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. त्यांवर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा आल्यासारखं वाटे. त्याच ग्रंथात सोऱ्यानं पाणी गार करण्याची रीतही आहे. मोगलांकडून ही वाळ्याची ताटी नबाबांकडे गेली, मग इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत आली. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जायचं. ज्यांना पचमढी परवडत नव्हती ते दाराला ताटी लावायचे. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात वाळा भरायचा, सुतळीनं आवळायचा आणि दर तासाला लोट्यानं पाणी मारायचं. पाणी मारणं हे पोरांचं काम. मी ते इतकं केलं आहे की ओल्या वाळ्याचा वास आला की आजही माझा हात लोटा शोधतो.

माणसांचं सोडा, नागपूरचा उन्हाळा सुतालाही सोसत नाही. कोरड्या हवेत धागा तटातट तुटतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथं हवा दमट ठेवणारी यंत्रं देशातल्या इतर गिरण्यांच्या कितीतरी आधी बसली. आमच्या कामठीच्या घरात यंत्र नव्हतं. आमची विणकरांची जमात, १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडून चालत आलेली. आजोबा पहाटे मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपायचे आणि ऊन चढेपर्यंत जेवढं विणून होईल तेवढं विणायचे. पुढची दुपार रिकामी. रिकामी म्हणजे पुरुषांची. बायकांची कामं तिथून सुरू होत.

अब्बांना मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी लागली आणि आम्ही कामठी सोडून जरीपटक्यात आलो. ते साल १९८१. मी सहावीत होते. घर मिळायला दोन महिने लागले, का लागले ते सांगत बसत नाही. शेवटी एका सिंधी शेठांनी वरची एक खोली दिली. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली 'दादी' म्हणायची. मला वाटे, एवढ्या तरुण बाईला आजी का म्हणतात? सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण, हे मला फार उशिरा कळलं.

दादी अम्मीशी बोलत नसत. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं नव्हतं. तेव्हा मला त्याचा राग येई. आता येत नाही, कारण त्या कुठून आल्या होत्या ते आता मला ठाऊक आहे.

दादी हैदराबादच्या. दक्षिणेतलं नव्हे, सिंधमधलं हैदराबाद. त्या शहराची एक गोष्ट जगभरच्या वास्तुविशारदांना माहीत आहे. तिथल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या छपरावर एक वारा पकडणारा झरोका असे. त्याला 'मंघ' म्हणत. सगळे मंघ एकाच दिशेला, नैर्ऋत्येला तोंड करून. एप्रिल ते जून दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो मंघातून थेट खालच्या खोल्यांत उतरायचा. मजली घर असेल तर प्रत्येक खोलीला वेगळा मंघ. एकोणिसाव्या शतकात काढलेले या छपरांचे फोटो आहेत. बर्नार्ड रुडोफस्की यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'वास्तुविशारदांविना वास्तुकला' या विषयावर प्रदर्शन भरवलं, त्यात हे मंघ होते. फोटोत ती छपरं शिडं उभारलेल्या गलबतांच्या ताफ्यासारखी दिसतात.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेली सिंधी कुटुंबंही निघाली. काही आगगाडीनं राजस्थानात उतरली, काही बोटीनं मुंबईला, काठियावाडच्या बंदरांना. मुंबईकडच्या अनेकांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. काही कुटुंबं नागपूरला आली. दादी तेव्हा पंधरा वर्षांच्या. कराचीच्या धक्क्यावर सामानाची झडती झाली, त्यात आईच्या बांगड्या गेल्या, भांड्यांची पेटी गेली. एक रल्ली तेवढी राहिली. चिंध्यांची गोधडी कोण घेणार?

रल्ली म्हणजे सिंधची गोधडी, पण आपल्या वाकळीहून नखऱ्याची. जुन्या कापडांचे चौकोनी-त्रिकोणी तुकडे जोडून वरचा थर करतात, किंवा एका कापडात नक्षी कातरून ती दुसऱ्यावर लावतात. आत जुन्या कापडाचे थर घालायचे आणि सबंध रल्लीवर सरळ रांगांत धावदोरा घालायचा. उभं राहून बघितली तर नांगरलेल्या शेतासारखी दिसते. सिंधमध्ये ती हिंदू बायकाही शिवत आणि मुसलमान बायकाही. कुणाचा टाका कुणाचा हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया स्टॉडर्ड यांनी २००३ मध्ये रल्लीवर सचित्र ग्रंथ काढला. तो मी चाळला तेव्हा दादींची रल्ली त्यातल्या पुष्कळ रल्ल्यांपेक्षा बरी होती असं माझं मत झालं. अर्थात मी पक्षपाती आहे.

नागपुरातला त्यांचा पहिला उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली गेला. घरातल्या मोठ्यांनी सवयीनं दुपारी दारं-खिडक्या सताड उघडल्या, वारा यावा म्हणून. आला तो वारा भट्टीचा. धाकटा भाऊ तापानं फणफणला. शेजारची मराठी बाई धावत आली, तिनं खटाखट सगळं बंद केलं आणि हातवारे करून सांगितलं, दारावर ओलं काहीतरी टांगा. ताटीला पैसे कुठले? दादींच्या आईनं रल्ली बादलीत बुडवली आणि दाराच्या चौकटीला दोन खिळ्यांवर टांगली. सबंध मे महिना ती तिथं भिजत-सुकत राहिली. दादी सांगायच्या, "तिकडं आम्ही वाऱ्याला घरात बोलवायचो. इथं त्याला दारातच पाणी पाजावं लागलं."

हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते फार पुढं. त्याआधी पापडांचा प्रसंग घडला.

दादींच्या घरी उन्हाळ्यात पापडांचं काम असे. उडदाचा, मुगाचा, मिऱ्यांचा पापड. घरच्यापुरता असताच तर छंद म्हटलं असतं. पण शेठांचं दुकान अजून धड चालत नव्हतं आणि ऑर्डरचे पापड विकून शाळेची फी निघे. पहाटे पीठ कुटायचं, सकाळी गल्लीतल्या आठ-दहा बायका पाटपोळी घेऊन बसायच्या आणि दहाच्या आत गच्चीवरच्या खाटा भरायच्या. त्याच गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आमच्या शेवया वाळायच्या. मध्ये तीन हातांचं अंतर. दोन्हीकडचे कावळे हाकायचं काम माझ्याकडे, ते मात्र कुणी वाटून दिलेलं नव्हतं.

एका दुपारी दादींकडची सगळी मंडळी लग्नाला गेलेली. तीनच्या सुमारास आभाळ पिवळं झालं, वावटळ उठली आणि टपोरे थेंब सुरू झाले. अम्मी तशीच अनवाणी गच्चीवर धावली. तापलेल्या गच्चीवर तिचे पाय पोळले, ते दोन दिवस ती टेकवत नव्हती. तिनं आधी दादींचे पापड चादरींत गोळा केले, चारही खाटांचे, आणि आमच्या खोलीत आणून पसरले. आमच्या शेवया भिजल्या.

संध्याकाळी दादी परतल्या. सुनेनं ते पापड पाहिले आणि हळूच म्हणाली, "अब इनका क्या करें?" मुसलमानाच्या घरात, मुसलमानाच्या हातानं पसरलेले ऑर्डरचे पापड. अम्मीनं ते ऐकलं, मीही ऐकलं. दादींनी एक पापड उचलला, वाकवून बघितला, ओला राहिलाय का ते पाहिलं आणि काही न बोलता खाली गेल्या. थोड्या वेळानं जिन्यात त्यांची पावलं वाजली. हातात ताट, त्यात भाजलेले दोन पापड आणि पाण्याचा तांब्या. दारात पाहुणा आला की आधी पापड-पाणी, ही सिंधी घराची रीत. त्या आमच्या उंबऱ्यावर बसल्या. एक पापड त्यांनी अम्मीला दिला, एक स्वतः खाल्ला. बाकीचे पापड ठरलेल्या गिऱ्हाइकाला गेले की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत बारा ते पाच आमचं दार आणि त्यांचं दार एकच झालं. बंद खोली, दाराला ताटी, अर्धा अंधार, आणि त्यात सुयांची चकाकी. मिलचे कापडाचे तुकडे वजनावर मिळत, त्यांची रल्ली व्हायची. अम्मी क्रोशाच्या जाळ्या शिकवायची, दादी टाके शिकवायच्या. शेजारच्या मराठी काकू सरगुंडे वळायला बसायच्या, काडीवर पिठाची दोरी गुंडाळत. चार वाजता थादल यायचं, बदाम, खसखस, मगज आणि मिरं वाटून केलेलं सिंधी पेय. आपल्या थंडाईची ती बहीणच.

पुढं फॅशन बदलली. वायरच्या पिशव्या आल्या, फुटक्या बांगड्यांची तोरणं आली आणि मग लग्नपत्रिकांचे पडदे. जुन्या पत्रिकांच्या पट्ट्या कापून यू-पिनेवर गुंडाळायच्या, मण्यांबरोबर ओवायच्या आणि दारात सोडायच्या. आमच्या पडद्यात एका माळेत गणपतीची सोंड, दुसरीत चांदतारा, तिसरीत झुलेलालचा मासा असं सगळं सरमिसळ लटकत असे. दिसायला तो पडदा भयंकर होता. पण त्यात माझा एक फायदा झाला. सिंधी भाषेला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, ती अरबी वळणानंही लिहितात आणि देवनागरीतही. पत्रिकांवरची अरबी वळणाची सिंधी मला उर्दूमुळं वाचता यायची, समजायची अर्धी. दुपारभर मी मोठ्यानं वाचायची आणि दादी उरलेली अर्धी समजावायच्या. मी कविता लिहायला लागले त्याचं कारण बी. ए.ला घेतलेलं मराठी, असं मी मुलाखतींत सांगते. ते पूर्ण खरं नाही.

मग पत्र्याचे कूलर घरोघर आले. वाळ्याच्या जागी लाकडाच्या भुशाच्या कुरळ्या काड्या, आणि आता मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड. नागपूरकर त्यांनाही 'ताट्या'च म्हणतात, हे मला फार आवडतं. कूलरच्या आवाजात मात्र बोलणं ऐकू येईना. बायका आपापल्या खोल्यांत गेल्या, मग टीव्ही आला. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. वजनावरचे तुकडे मिळेनासे झाले, त्याआधीच ते मागणारं कुणी उरलं नव्हतं. सगळा दोष यंत्राला द्यायला मी तयार नाही. कूलर आल्यावर अम्मी पहिल्यांदा दुपारी झोपली.

दादी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीनं मला बोलावलं. नवा फ्लॅट, एसी, आणि बैठकीच्या भिंतीवर टांगायला काढलेली ती रल्ली. रंग उतरलेले, खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा फिका. "मावशी, काचेत बसवायची आहे," ती म्हणाली, "पण वरच्या काठाला ही दोन भोकं आहेत, भोवती तांबूस डाग. मोमिनपुऱ्यातल्या रफूगराला दाखवलंय, तो म्हणतो कळणारसुद्धा नाही."

मी तिला खिळ्यांची गोष्ट सांगितली. तिला ती कुणी सांगितलेली नव्हती. तिनं बोट त्या भोकातून आरपार घालून बघितलं आणि फोन उचलून रफूगराला सांगितलं की कडेची उसवण तेवढी शिवायची आहे, भोकं राहू द्यायची.