ताराबाईंचा तह: एक मागणी, दोन बादशहा

राजगडाच्या पश्चिमेला पाली गाव आहे. तिथून पाली दरवाज्याने पद्मावती माचीवर जाणारी रुंद वाट ही गडाची राजवाट. डिसेंबर 1703 मध्ये औरंगजेबाने याच गडाला वेढा घातला, तेव्हा मराठी राज्याचा कारभार ताराबाई पाहत होत्या. त्यांची आठवण रणरागिणी म्हणून निघते. समकालीन कागद मात्र त्यांच्या वाटाघाटींकडेही बोट दाखवतात.

मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांची लेक, तेव्हा पंचविशीत होत्या आणि मुलगा शिवाजी जेमतेम चार वर्षांचा. त्याच वर्षीच्या मोगल दरबाराच्या अखबारांत ताराबाईंच्या तहाच्या बोलण्याची नोंद आहे. मुलाला सात हजारी मनसब आणि दख्खनची सरदेशमुखी मिळावी. बदल्यात पाच हजारांची फौज चाकरीला देऊ आणि सात किल्ले सोडू, असा तो प्रस्ताव. बादशहाने तो फेटाळला.

वरवर पाहता ही शरणागती वाटते. पण देणे आणि मागणे शेजारी ठेवून पाहावे. द्यायचे ते किल्ले. मागायचा तो हक्क, म्हणजे सगळ्या दख्खनच्या महसुलात शेकडा दहाचा कायमचा वाटा, तोही मुलाच्या नावे आणि बादशाही मोहरेने. हातचा गेलेला किल्ला पुन्हा घेता येतो. अशी सनद तलवारीने मिळत नाही.

किल्ल्यांचा पुढचा इतिहास या वाचनाला बळ देतो. वेढा पावसाळ्यापर्यंत रेटायचा, शत्रूचा पैसा आणि माणसे झिजवायची, मग रक्कम ठरवून गड सोडायचा, हे या काळात पुन्हा पुन्हा घडले. 1702 मध्ये विशाळगड आणि 1703 मध्ये सिंहगड असेच मोगलांकडे गेले. राजगडासाठी औरंगजेबाला आधी घाटातली वाट सपाट करून घ्यावी लागली. फेब्रुवारी 1704 मध्ये मोगल पहिल्या दरवाज्यात शिरल्यावरही शिबंदी बालेकिल्ल्यावरून काही दिवस लढली आणि मग निघून गेली. गडाला ‘नबीशाहगड’ हे नाव मिळाले. मार्चमध्ये शेजारचा तोरणा मात्र मोगलांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून, लढून घेतला. बादशहा पुढे वाकिनखेड्याच्या वेढ्यात गुंतला आणि शंकराजी नारायण सचिवांनी सिंहगड, राजगड हे किल्ले परत स्वराज्यात आणले.

शत्रूपक्षाच्या लेखकांनाही ताराबाईंचे कर्तृत्व दिसत होते. मोगलांच्या चाकरीतला भीमसेन सक्सेना लिहितो, की ताराबाई नवऱ्यापेक्षा जबर निघाल्या आणि त्यांच्या हुकुमाशिवाय मराठा सरदार हलत नसे. खाफीखान मराठ्यांचा कडवा टीकाकार. त्यानेही त्यांची हुशारी आणि कारभारावरची पकड मान्य केली आहे.

1700 ची मागणी प्रसंगापुरती नव्हती, याचा पुरावा खाफीखानाकडेच मिळतो. 1707 मध्ये औरंगजेब वारला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगल कैदेतून सुटून आले आणि वारसाचा तंटा पेटला. 1709 मध्ये नवा बादशहा बहादूरशहा याच्यापुढे दोन्ही पक्षांचे अर्ज पोचले. शाहूंची बाजू झुल्फिकारखानाने मांडली, ताराबाईंची वजीर मुनीमखानाने. ताराबाईंच्या अर्जात चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, नव्हती. मुलाच्या नावे सरदेशमुखी, एवढेच. मधल्या नऊ वर्षांत बादशहा बदलला होता, प्रतिपक्ष बदलला होता, राजगड जाऊन परत आला होता. मागणीचा गाभा तोच होता. बादशहाने सनद कोणालाच दिली नाही.

1719 मध्ये दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा आल्या, त्या शाहूंच्या नावे. पन्हाळ्यावरच्या 1714 च्या सत्तांतरात मुलासह कैद झालेल्या ताराबाईंच्या हाती तेव्हा काहीच नव्हते. या सनदांचे श्रेय शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांना दिले जाते, ते रास्तच आहे. पण त्यांतल्या सरदेशमुखीची मागणी मोगल दरबारी ताराबाईंनी एकोणीस वर्षे आधी, ऐन युद्धात नोंदवली होती. मराठी मुत्सद्देगिरीच्या इतिहासात त्या नोंदीला जागा द्यायला हवी.