सुकडीचा फवारा

बाळाला भरवायचं म्हणजे चिऊकाऊंना हाका मारत अंगणभर फिरणं आलं. १९७२च्या दुष्काळात आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात या कौतुकाला सवड कुणाला होती! आईबाप खडी फोडायला आणि पोरं त्यांच्या मागे कामावर.

तिथं सुकडी मिळे. गोडसर, कोरडं पीठ. भाकरीच्या मुलखात असा गोड घास एरवी सणालाच. सुकडीचा बकाणा भरला की तोंड मिटून बसावं लागे. मग शेजारचा मुद्दाम हसवणार, आणि पिठाचा फवारा थेट त्याच्याच तोंडावर! रेशनची परदेशी लाल मिलो मात्र थोरांच्याही घशाखाली उतरत नसे. तिच्या भाकरीपुढे चिऊकाऊ तरी काय करणार?

पुढे १९९५मध्ये शालेय पोषण आहार आला. सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं. ८० टक्के हजेरी भरली, की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी. म्हणजे पहिलीतलं शेंबडं पोरगं धान्य कमावून आणणार, आणि त्या भातावर पहिला हात आजोबांचा! त्या दिवशी पोराला भरवायला कुणाला मागे धावावं लागत नसे. उलट त्यालाच आपलं ताट सांभाळावं लागे.