सुप्याची खतं आणि आपला अंगठा

आज बोलायचंय मोबाइलमधल्या, आधारमधल्या आपल्या माहितीबद्दल. पण सुरुवात करणार आहे १८३६ सालापासून, आणि तीही आपल्याच इंदापूर तालुक्यापासून.

त्या काळात इंग्रज सरकारला एक अडचण होती. जमीन कुणाची, किती, कशी, याची त्यांच्याकडे धड नोंद नव्हती. आधी प्रिंगल नावाच्या साहेबानं मोजणी केली, ती फसली. आकडे चुकीचे आणि हाताखालच्या माणसांनी खाल्लेली लाच, असा दुहेरी घोळ. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी पद्धत बसवली आणि ती पहिल्यांदा वापरली इंदापूर तालुक्यात. शेताची मोजणी करायची, प्रत ठरवायची, नंबर द्यायचा, तीस वर्षांसाठी सारा बांधायचा. हाच तो ‘सर्व्हे नंबर’. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात तो गेला. आपल्या सणसरच्या रानांना आता गट नंबर आहेत, पण जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर अजून सापडतो.

सुरुवातीला या नोंदीनं भलंच झालं. सारा कमी झाला, पडीक रानं लागवडीखाली आली. हे आवर्जून सांगते, कारण नोंद म्हटली की ती वाईटच असं मला म्हणायचं नाही. पण तीस वर्षं भरली आणि १८६७ च्या सुमारास पुन्हा आकारणी झाली, तीही इंदापुरापासूनच. सारा भरमसाट वाढला. तोवर अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. सारा भरायला पैसा नाही, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात गेला.

इथं दुसरी नोंद सुरू होते, सावकाराच्या वहीतली. कर्ज किती, व्याज किती, फेडलं किती, सगळं सावकार लिहिणार. कर्जदाराला वाचता येत नसे. खताच्या खाली तो सही म्हणून नांगर काढायचा, बाईमाणूस असेल तर बांगडी. ‘निशाणी नांगर’, ‘निशाणी बांगडी’ असं जुन्या कागदांवर लिहिलेलं असतं. जरा विचार करा. कागदावर काय लिहिलंय ते त्या बाईला ठाऊक नाही, पण तिची बांगडी मात्र त्या कागदाला बांधून ठेवते. पैसे फेडले तरी पावती मिळत नसे. कोर्टात सावकाराची वही चालायची, शेतकऱ्याचं तोंडी बोलणं चालायचं नाही.

१२ मे १८७५ ला बारामती तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. तिथं लूटही झाली, ते लपवायचं कारण नाही. पण पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं तेव्हा बहुतेक गावांत मागणी एकच होती, आमची खतं आणा. सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तर सहसा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद घ्यायचे, चौकात ठेवायचे, पेटवायचे, की झालं काम. शाळेच्या पुस्तकात हा ‘दख्खनचा दंगा’ म्हणून दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो आपल्याविषयीच्या माहितीवरून झालेला झगडा वाटतो. त्या लोकांना धान्यापेक्षा कागद महत्त्वाचा वाटला, यात त्यांची अक्कल दिसते.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. जमिनी सावकाराकडे जाण्यापासून कोर्टांनी कसं वाचवायचं, हा त्यातला गाजलेला भाग. मला त्यातली दोन साधी कलमं फार मोलाची वाटतात. पहिलं असं, की शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गावासाठी नेमलेल्या सरकारी निबंधकासमोर लिहिला तरच खरा. दुसरं असं, की पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि मागितलं तर पासबुक मिळालं पाहिजे. म्हणजे वही तुमची असेल, पण तिची नक्कल माझ्याही हातात हवी. हा कायदा सगळीकडे नीट पाळला गेला असं नाही, सावकारांनी पळवाटा शोधल्याच. तरी हक्क म्हणून ते कागदावर आलं.

आता अंगठ्याकडे येऊ. बंगालमध्ये जंगीपूरला १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे त्या गोष्टीचं शास्त्र झालं. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं पहिलं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचा मोठा वाटा होता, पण नाव झालं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. बांगडीची निशाणी कुणीही काढू शकत होतं, ठसा मात्र ज्याचा त्याचाच. म्हणून तो सरकारला आवडला.

आणि त्याचा जाच आधी कुणाला झाला? ज्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं त्यांना. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आपल्या भागातले पारधी, कैकाडी यांना ती झळ लागली. नाव नोंदवायचं, ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. गावात काही चोरीला गेलं की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते, ते तुम्ही जाणता. कायदा जातो, यादी मनात राहते.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो रंजना सोनवणे या आदिवासी बाईला. दहा बोटं आणि दोन डोळे यांची नोंद करून. ज्याच्याकडे कसलाच दाखला नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण एवढी माहिती एका जागी जमवायला सरकारला अधिकार कुणी दिला, हे विचारायला कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. वय ८६. सरकारची बाजू अशी, की खासगीपणा हा घटनेतला मूलभूत हक्कच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, आहे. याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा एक निकाल चुकीचा ठरवला. तो देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. पुण्याच्या एकाच घरातली ही गोष्ट.

खासगीपणा म्हणजे शहरातल्या सुखवस्तूंचं खूळ, असं म्हणणारे भेटतात. त्यांना महाराष्ट्रातला एक खटला सांगावा. एक पोलीस निरीक्षक रात्री एका गरीब बाईच्या झोपडीत शिरला. खात्यानं त्याला काढलं. ‘बाईची चालच वाईट, तिच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा,’ असं म्हणत उच्च न्यायालयानं त्याला सोडवलं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि बजावलं, की बाई कशीही असो, तिच्या खासगीपणावर हात टाकायचा कुणालाही हक्क नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या दुसऱ्या निकालानं आधार कायम राहिलं. बँक खातं आणि मोबाइल सिमला ते सक्तीचं नाही, सरकारी अनुदानासाठी मात्र मागता येईल, असं ठरलं. आपला संबंध नेमका तिथंच येतो. लाडकी बहीण योजनेला सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली, आणि आपल्याबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं. शेताला फार्मर आयडी आला, म्हणजे १८३६ चा तो नंबर आता आपल्या आधारला जोडला गेला. आणि अंगठा लावून गावातल्या केंद्रावर पैसेही काढता येतात. म्हणजे बोट हीच किल्ली. २०१८ मध्ये तेलंगणात जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, ते रबरावर उमटवून एकानं भराभर सिमकार्डं चालू केली होती. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं, बोट कुठून बदलणार?

सुप्याच्या लोकांना एक सोय होती. खताची प्रत एकच असायची, ती जळाली की विषय संपला. आता आपली माहिती किती ठिकाणी आहे, कुणालाच मोजता येणार नाही. पेटवायला कागदच नाही. म्हणून मला १८७९ चं पासबुक आठवतं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माझी काय माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाकुणाला दिली, हे विचारायचा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायचा, नको असेल तर पुसायला लावायचा हक्क त्यात आहे. परवानगी मराठीतून मागा, असंही सांगता येतं. पण हे हक्क प्रत्यक्षात येणार मे २०२७ मध्ये. आणि सरकारला आपल्या खात्यांना त्यातून मोकळं ठेवायची मुभा आहे. सावकारावर पावतीची सक्ती केली, सरकारनं स्वतःवर मात्र करून घेतली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भरीला याच कायद्यानं माहिती अधिकारातली सूट रुंद केली. रेशनची, रोजगार हमीची यादी गावात वाचून घोटाळे पकडणाऱ्या बायांना उद्या ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर मिळू शकतं. खासगीपणाच्या नावानं हिशोब झाकला जाऊ नये, याकडे ग्रामसभेत लक्ष ठेवावं लागेल.

आज करण्यासारखं आहे ते सांगते. आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं, फुकटात, आणि काम असेल तेव्हा थोड्या वेळासाठी ते उघडता येतं. अडलं तर १९४७ हा आधारचा नंबर आहे. झेरॉक्स द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार काढून द्या. केंद्रावर अंगठा लावलात की पावती मागा, मशीन ‘फेल’ म्हणालं तरी मागा, कारण खरा घोळ तिथंच होतो. पैसे गेलेच तर लाजू नका, घरात लपवू नका, लगेच १९३० ला फोन करा. आणि बचत गटाच्या बैठकीला येताना बँकेचं पासबुक भरून आणा.