‘हृदयक्रिया बंद पडून’

जुन्या मराठी वर्तमानपत्रांतील निधनवार्ता चाळूं लागलें म्हणजे ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द वारंवार भेटतात. खरें पाहतां त्यांत मृत्यूचें कारण सांगितलेलें नसून केवळ मृत्यूचीच व्याख्या सांगितलेली आहे. हृदयक्रिया अखेर कोणाची बंद पडत नाहीं? जुन्नर तालुक्यांतील राजुरीस, किंवा आसपासच्या कोणत्याहि गांवीं, म्हाताऱ्या माणसांस विचारावें. धाप लागे, पाय सुजत आणि एके दिवशीं अवचित गेला, असा एखादा पूर्वज पुष्कळ घराण्यांत निघतो. त्याच्या हृदयास काय झालें होतें, हें विचारण्याची सोयच त्या काळीं नव्हती.

ही सोय कशी झाली, त्याचा इतिहास मोठा नसला तरी मनोरंजक आहे. १९५८ सालीं लंडनमध्यें डोनाल्ड टिअर या विकृतितज्ज्ञानें आठ तरुण व्यक्तींच्या हृदयांचें वर्णन प्रसिद्ध केलें. बहुतेकांस मृत्यु अकस्मात् आलेला. हृदयाचा पडदा भलताच जाड झालेला, आणि स्नायूंचे धागे अस्ताव्यस्त विणलेले. हा रोग घराण्यांतून वाहतो, हें लौकरच ध्यानांत आलें. पण बिघाड नेमका कोठें?

त्यासाठीं हृदयाच्या स्नायुपेशीची घडण पाहिली पाहिजे. तींत जाड व बारीक अशा दोन प्रकारच्या तंतूंची ओळ असते. जाड तंतु मायोसिन नांवाच्या प्रथिनाचे; बारीक तंतु मुख्यतः ॲक्टिनचे. मायोसिनचीं डोकीं ॲक्टिनला धरून ओढतात, तंतु एकमेकांवरून सरकतात आणि हृदय आकुंचन पावतें. हें सरकण्याचें तत्त्व १९५४ सालीं मांडलें गेलें. टायटिन नांवाचें तिसरें, अवाढव्य प्रथिन स्प्रिंगेप्रमाणें सर्व रचना जागच्या जागीं ठेवतें. याशिवाय मायोसिन शुद्ध करतांना एक ‘भेसळ’ सांपडे. १९७१ च्या सुमारास संशोधकांनीं तिला ‘सी-प्रथिन’ असें रुक्ष नांव दिलें. हीच भेसळ मायोसिनच्या ओढीला आवर घालणारी निघाली. १९९० सालीं मायोसिनच्या जनुकांत, आणि १९९५ सालीं सी-प्रथिनाच्या जनुकांत, टिअरच्या रोगाचें मूळ सांपडलें.

येथून कथा आपल्या देशांत येते. २००३ सालीं भारतीय कुटुंबांत या जनुकांतील पंचवीस अक्षरांचा एक लोप प्रथम नोंदला गेला. त्यामुळें प्रथिनाचें जें टोक मायोसिनला बिलगतें, तेंच बदलतें. २००९ सालीं हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील धंडपाणि, थंगराज व त्यांचे देशोदेशींचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, हा लोप भारतांतील शंभरांपैकीं सुमारें चौघांत आहे आणि तो असणारांस हृदयस्नायूच्या रोगाचा संभव सुमारें सातपट आहे. पाकिस्तान, श्रीलंका, मलेशिया व इंडोनेशिया यांपलीकडे तो जवळजवळ आढळला नाहीं. त्याचें वय त्यांनीं सुमारें ३३,००० वर्षें काढलें.

हा आंकडा आपल्या प्रदेशाच्या मापानें मोजून पाहावा. नाणेघाटांतील सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षांचा. जुन्नरच्या लेण्यांस दान देणारे यवन साधारण त्याच युगांतले. वाचकांपैकीं कोणी असें समजूं नये कीं हा दोष त्या घाटानें चढून आला. घाट खोदला गेला तेव्हां तो येथें हजारों वर्षांचा जुना झाला होता. जात, भाषा, धर्म हीं सर्व त्यानंतरचीं. म्हणून अमुक एका जातीस त्यासाठीं बोल लावणें म्हणजे शुद्ध अज्ञान होय. मग इतका घातक दोष टिकला कसा? कारण तो बहुधा उतारवयांत डोकें वर काढतो. तोंवर मुलेंबाळें झालेलीं असतात, आणि निसर्गाची चाळणी व्यर्थ जाते.

त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं सहा कोटि माणसांचें हृदय जणूं फुटणारच, असा गजर केला. तो अतिरंजित होता. हा लोप घेऊन आयुष्यभर सुखानें जगणारे अनेक आहेत. २०१८ सालीं अमेरिकेंतील दक्षिण आशियाई लोकांच्या तपासणींत असें दिसलें कीं, लोप असणारांपैकीं सुमारें एक दशांशांत त्याच जनुकांत आणखी एक फरक असतो, आणि हृदयाच्या अतिरिक्त जोराचीं चिन्हें याच मंडळींत दिसतात. म्हणजे भीतीचा परीघ पुष्कळच आंखडतो, नाहींसा मात्र होत नाहीं. मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आपल्याकडे मान्य आहे. एकच लोप अशा नात्यांतून दोन्हीं बाजूंनीं एका मुलास मिळूं शकतो, आणि तसें झाल्यास रोग अधिक उग्र होतो. तथापि सोयरिकीच्या बोलण्यांत पत्रिकेशेजारीं रक्ततपासणीचा कागद ठेवण्याची सूचना मला पसंत नाहीं; त्या कागदावरून मुलींचीच लग्नें मोडतील, मुलांचीं नव्हे. ज्या घरांत तरणाताठा माणूस अकस्मात् गेला, त्या घरांतील भावंडांचीं हृदयें ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासून घेणें, एवढें मात्र आज सहज करतां येतें. पडदा जाड झालेला त्यांत स्पष्ट दिसतो.