धोक्याची रेघ

गेल्या महिन्यात ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये नवे सेन्सर बसवले. तापमानाचे, दमटपणाचे आणि पाणी सांडलं तर कळावं म्हणून जमिनीवर एक लांब केबल. सगळे नेटवर्कला जोडलेले. खोलीत काही बिनसलं की माझ्या मोबाइलवर मेसेज. बसवायला अर्धा दिवस लागला. कोणत्या आकड्याला ओरडायचं हे ठरवायला मात्र तीन आठवडे लागले, आणि मधे एकदा चांगलीच तोंडघशी पडले.

पहिल्या दिवशी उत्साहात मर्यादा टाकली २४ अंश. मग काय, कोणी दार उघडलं की २४.२. एसीचा कॉम्प्रेसर थांबला की २४.१, चालू झाला की २३.९, पुन्हा २४.१. पहिल्या रात्री चाळीसेक मेसेज. चौथ्या रात्री मी मोबाइल पालथा घालून झोपले. माझ्या सहकाऱ्याने तर ते मेसेज थेट वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून टाकली. आणि नवव्या रात्री एसी खरंच बंद पडला. मेसेज आला, वेळेवर आला, पण कोणी बघितलाच नाही. सकाळी साडेसातला वॉचमनकाकांचा फोन, "मॅडम, दाराजवळ भट्टीसारखं लागतंय." आत ३९ अंश! दोन डिस्क गेल्या. बॅकअप होता म्हणून नोकरी वाचली. साहेबांनी एवढंच विचारलं, "सेन्सर बसवले होते ना?"

होते की.

लहानपणी 'लांडगा आला रे आला' ऐकताना आपण त्या पोराला दोष देतो. तो खोटं बोलत होता. माझा सेन्सर मात्र एकदाही खोटं बोलला नाही. चुकीची होती ती मी आखलेली रेघ. मग या रेघांच्या नादाला लागले आणि रात्री जागून बरंच वाचत बसले. त्यातल्या दोन गोष्टी सांगते. तिसरी घरचीच आहे.

पहिली वेल्समधली. २४ जुलै १९९४, रविवार. मिलफोर्ड हेवनजवळची तेलशुद्धीकरणाची रिफायनरी. सकाळी विजांचं वादळ झालं आणि कामकाज विस्कळीत झालं. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता, पण पडद्यावर उघडा दिसत होता. त्यामुळे आत द्रव साठत गेला. दुपारी स्फोट झाला. त्याच्या आधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले. म्हणजे साधारण दर अडीच सेकंदांना एक. त्यात खरोखर महत्त्वाचे किती, बिनकामाचे किती, हे बघायला माणसाला श्वास तरी घ्यायला मिळाला असेल का? २६ माणसं जखमी झाली. रविवार होता, कामावर माणसं कमी होती, म्हणून कोणी दगावलं नाही. पुढे चौकशी झाली तेव्हा अलार्म नव्हते असं कोणी म्हणालं नाही. ते फार होते आणि सगळे एकाच सुरात ओरडत होते, हा दोष निघाला. त्यानंतर तिकडे अलार्म कसे नेमावेत यावरच मार्गदर्शक पुस्तिका निघाली. त्यातला साधा विचार असा, की ज्या घंटेनंतर माणसाला काही करायचं नाही ती घंटा अलार्मच नव्हे. हे वाचलं आणि माझे चाळीस मेसेज आठवून लाज वाटली.

दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे आणि मला ती जास्त भिववते.

अंटार्क्टिकावर हॅली नावाचं ब्रिटिशांचं संशोधन केंद्र आहे. तिथे १९५० च्या दशकापासून डोक्यावरच्या हवेतला ओझोन मोजतात. मोजायचं एकक डॉब्सन. वरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर जितका जाड थर होईल त्यावरून ते ठरतं. ३०० डॉब्सन म्हणजे फक्त तीन मिलिमीटर. आपल्या कातडीचं उन्हापासून रक्षण करणारं पांघरूण एवढंसं! तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ऑक्टोबर महिन्याच्या नोंदी घसरू लागल्या. ३०० च्या आसपास असायच्या त्या थेट २०० कडे. जोसेफ फार्मन या प्रमुख शास्त्रज्ञांना वाटलं, यंत्र म्हातारं झालं. यंत्र बदललं, आकडा तसाच. शिवाय एक शंका होतीच. अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह १९७८ पासून वरून फिरतोय, रोज लाखावर नोंदी घेतोय. त्याला काही दिसलं नाही आणि आपल्या एका जुन्या यंत्राला कसं दिसेल?

उपग्रहाला दिसलं होतं. पण त्याच्या आज्ञावलीत एक रेघ होती. १८० च्या खालचा आकडा आला की त्यावर 'शंकास्पद' अशी खूण पडायची. का? तर तोवर १८० च्या खालची नोंद जगात कुठेच झालेली नव्हती. म्हणजे तसा आकडा आला तर यंत्राचीच चूक असणार. किती सरळ तर्क आहे! मीही तसंच केलं असतं.

पुढे बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट 'नासाच्या कॉम्प्युटरने ओझोनचं छिद्र कचऱ्यात फेकून दिलं' अशी सांगितली गेली. मीही कॉलेजात असंच ऐकलं होतं. ते खरं नाही. नोंदी फेकल्या नव्हत्या, त्यांना खूण करून बाजूला ठेवलं होतं. नासात ही माहिती हाताळणाऱ्यांत पवन भरतिया हे मूळ भारतीय शास्त्रज्ञ होते. १९८३ च्या ऑक्टोबरची माहिती १९८४ च्या उन्हाळ्यात तपासताना शंकास्पद खुणा एकाएकी फार वाढल्यात हे त्यांच्या गटाच्या लक्षात आलं. त्यांनी पडताळा घ्यायला दक्षिण ध्रुवावरच्या यंत्राच्या नोंदी काढल्या. तिथे आकडा होता ३०० च्या घरात. झालं, पुन्हा शंका उपग्रहावरच! नंतर कळलं की चूक ध्रुवावरच्या नोंदींत होती. ही उलटतपासणी चालू असतानाच मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख 'नेचर'मध्ये आला आणि जग हादरलं. मग उपग्रहाच्या त्याच बाजूला ठेवलेल्या नोंदींवरून नकाशा निघाला. तो नकाशा म्हणजेच 'ओझोनचं छिद्र'. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. त्या खुणा केलेल्या नोंदी कोणी खरंच पुसल्या असत्या तर? विचार करवत नाही.

म्हणजे बघा, रिफायनरीत रेघ इतकी अलीकडे होती की कोणी ऐकेना. इथे रेघ म्हणत होती, आजवर झालं नाही म्हणजे होणार नाही.

आता तिसरी गोष्ट, सांगलीची. माझ्या आत्याचं घर गावभागात. सांगलीकर मंडळींना सांगायला नको, आपल्याकडे पावसाळ्यात 'जेवलीस का'च्या आधी 'आयर्विनला पाणी किती?' विचारतात. १९२९ साली झालेला हा पूल गावाचा थर्मामीटर आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. आजोबा तर पुलावर जाऊन स्वतः बघून यायचे, दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसे.

२००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आत्याच्या घरात भिंतीवर पाण्याचा डाग राहिला. पाणी ओसरल्यावर काकांनी त्यावर निळ्या ऑइलपेंटची रेघ मारली आणि शेजारी '२००५' लिहिलं. पुढे चौदा वर्षं ती रेघ घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली जायची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढू लागलं. काका तेव्हा नव्हते. आत्याने शांतपणे सगळं आवरलं. टेबलावर खाट, खाटेवर शिलाई मशीन, त्यावर लोखंडी ट्रंक. सगळं निळ्या रेघेच्या वीतभर वर! मी पुण्याहून फोनवर ओरडत होते, "आत्या, निघ आता." ती म्हणाली, "अगं, २००५ ला इथवर आलं होतं. त्याच्या वर कशाला येतंय?"

आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिसऱ्या दिवशी आत्याला शेजारच्यांच्या गच्चीवरून बोटीने काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यामुळे आत्या बोटीत बसल्याचं कळल्यापासून काठावर उतरल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली पाणीही उतरलं नाही. ट्रंक गेली. आजोबा-आजीचे लग्नातले फोटो त्यात होते. दुसरी प्रत कोणाकडेच नाही. (कोणा नातेवाइकांकडे असली तर कृपा करून कळवा.)

आत्यावर तेव्हा मी फार चिडले होते. ती ओझोनची गोष्ट वाचल्यावर राग गेला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी १८० ची रेघ मारली तीही अशीच, आजवरच्या सगळ्यात वाईट दिवसावर बोट ठेवून. चूक रेघ मारण्यात नव्हती. झालेल्या गोष्टीची खूण आणि होऊ शकणाऱ्या गोष्टीची हद्द एकच आहे असं धरून चालण्यात होती.

असो. सर्व्हर रूमचं आता असं केलंय. २७ अंशांना इशारा, तोही दहा मिनिटं सलग टिकला तरच. २५ च्या खाली उतरल्याशिवाय तो इशारा मिटत नाही, म्हणजे सारखी उघडझाप नको. ३२ ला धोका, तेव्हा मेसेज नाही, थेट फोन वाजतो, माझा नाही उचलला तर सहकाऱ्याचा. आणि अशक्य वाटणारा आकडा आला, समजा ८० अंश किंवा शून्य, तर तो गाळायचा नाही. कोणीतरी उठून जाऊन बघायचं. आजोबा पुलावर जायचे तसं.

आत्याच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं तेव्हा मी घाबरत फोन लावला. ती मिरजेला मावसबहिणीकडे पोचूनसुद्धा दोन दिवस झाले होते.

"रेघेपर्यंत यायची वाट नाही बघितलीस?" मी विचारलं.

"ती रेघ लोकांना दाखवायला आहे गं," आत्या म्हणाली. "मी चाळीसला निघते."